मासळीला अक्रोडाचा धूर

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी खुशाली विचारायच्या मनःस्थितीत आज मी नाही. तू पाठवलेली धुरावलेली मासळी हॉटेलच्या आचाऱ्याने टोपलीसकट परत आणली आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्या दुकानात आदळली. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि तसाच थुंकला. कडूजहर. तू मासळीला अक्रोडाचा धूर दिलास, दादा. मासळीला सफरचंदाचं लाकूड, कोंबडीला चेरीचं आणि डुकराच्या मांडीला अक्रोडाचं, तेही बेताने, हे बाबांनी आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं. आणि हे तुझ्या हातून व्हावं?

आचारी म्हणाला की पुढची खेप अशीच आली तर तो दुसरीकडे बघेल. एवढा माल घेणारा माझ्याकडे तोच एक आहे. तो गेला की बाबांच्या धूरघराला कुलूप लागेल, हे मी तुला सांगायला नको. काय झालं ते सरळ लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढाच राहील, राग उतरल्यावर वाढवू.

तुझी,
भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोकं फिरलं. गल्ल्यावर बसून मला धूर शिकवणारी तू कोण? तो आचारी दिवसभर विड्या फुंकतो, त्याच्या जिभेला काय कळणार? मासळी तूच उन्हात ठेवली असशील.

इथे सगळं जागच्या जागी आहे. मागे छपराची डागडुजी झाली तेव्हा गवंड्यांनी लाकडाच्या राशी इकडच्या तिकडे केल्या, एवढंच. पण त्याने काय बिघडतं? साल काढून वर्षभर वाळवलं की लाकडं दिसायला सगळी सारखीच. आपण ती कधी डोळ्यांनी ओळखली? कापलेलं टोक नाकाशी धरायचं, की झालं.

घरीही कटकट आहे. परवा शेगडीवरचं दूध करपून त्याचा कोळसा झाला. मी तिथेच पाठमोरा बसून दाढी करत होतो, म्हणून तुझ्या वहिनीने दिवसभर अबोला धरला. तापातून उठलेल्या माणसाशी कोणी असं वागतं? वर तुझं हे पत्र. पुढच्या वेळी थोरल्या भावाला लिहिते आहेस हे लक्षात ठेवून लिही.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते काही रागावर अवलंबून नाहीत.

तुझा,
दादा


१३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वाद घालत नाही. सोबत दोन ढलप्या पाठवते आहे. बाबा आपली परीक्षा घ्यायचे तशी मी तुझी घेते आहे. कोणती कशाची ते उलट टपाली कळव. बरोबर सांगितलंस तर त्या आचाऱ्याला मी तोंडावर सुनावीन आणि तुझी माफी मागेन. वहिनीला मधे घ्यायचं नाही. तोवर भट्टी पेटवू नकोस.

राग तसाच आहे, लोभही.

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस,
आ.

तुझं पाकीट धूरघरातच फोडलं, घरात नेलं नाही. बाबांच्या मागे हे धूरघर मी चालवलं आणि माझीच परीक्षा? लाज कशी नाही वाटली? पातळ ढलपी सफरचंदाची, जाड अक्रोडाची. डोळे मिटून, एका दमात ओळखल्या. आता माफी लिही, आणि कोरडी नको. ती आली की भट्टी पेटवतो.

दादा


२१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागणार नाही. त्या दोन्ही ढलप्या माझ्या दुकानातल्या एकाच तुटक्या खोक्याच्या होत्या आणि तुझं पत्र आल्यापासून मी त्या डांबरगोळ्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या. पोस्टातल्या बाईने ते पाकीट चिमटीत धरून नाक मुरडलं होतं. ते तू नाकाशी धरलंस आणि मला सफरचंद म्हणून लिहिलंस.

तापात तुझं नाक गेलं, दादा. करपलेलं दूध वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. मासळीचा राग केव्हाच गेला. आता संताप आहे तो याचा, की शेजारी दूध जळतं आहे हेही तुला कळत नव्हतं आणि तू त्यावर वहिनीचा अबोला सोसलास, अंदाजाने लाकूड उचललंस, माझ्याशी भांडलास, पण एका माणसाला सांगितलं नाहीस. बाबा असते तर त्यांनी तुला त्याच लाकडाने बडवला असता. मी रडले, आणि रडताना तुला शिव्याच देत होते.

सोमवारी येते आहे. दुकान शेजारीण बघेल. लाकूड मी हुंगीन, आच तू सांभाळ. तुझ्यासारखी मंद आच मला जन्मात जमली नाही, ती अजून तुझ्याच हातात आहे. पुढची खेप आपण दोघं मिळून काढू.

सोबत आणखी एक ढलपी आहे. या वेळी खरीखुरी आहे. कशाची ते मी येण्याआधी वहिनीला विचार, आणि का विचारतोस तेही तिला सांग.

रागासकट लोभ आहे, तो तसाच ठेवून घे.

तुझी,
भिंगरी