नऊ तुटलेल्या प्लेटा

मी, डॉ. जगदीश विष्णू आठल्ये, वय ६१, हाडांचा सर्जन, मूळ राहणार मिरज, सध्या मुक्काम दम्माम, सौदी अरेबिया. परवा माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. धाक घालून पाहिला गेला, तो मी मानलेला नाही. स्वखुशीने लिहून ठेवतो ते असे:

१. मिरजेचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी आसावरीची. माझ्या धाकट्या भावाने त्यात हक्क सांगू नये. आईच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नव्हता.

२. माझ्या ऑपरेशनच्या हातोड्या व पकडी सिस्टर ममता यांना द्याव्यात. चिरंजीव शर्विल म्हणाला, "पप्पा, व्हॉट विल आय डू विथ धिस?" त्याचेही खरेच.

३. निळी वही डॉ. यासीन यांची. मांडीचे हाड मधोमध मोडले की मी प्लेट बसवत असे, हा माझा कनिष्ठ सहकारी हाडाच्या पोकळीतून रॉड घालत असे. "सर, प्लेट हाडाच्या एका अंगाला. सगळा भार तिच्यावर येतो," तो म्हणे. "तुझ्या जन्माआधीपासून प्लेटा बसवतोय मी," हे माझे उत्तर.

मग मी बसवलेली धोंडीरामची प्लेट चौथ्या महिन्यात तुटली. तो परांची बांधणारा. कामगारांच्या कॅम्पात सगळ्यांदेखत मी त्याला झापले, "भार टाकू नकोस म्हणालो होतो ना?"

"साहेब, कफील म्हणाला, कामावर ये नाहीतर गावी जा. कुबड्या घेऊन परांचीवर कसा चढू?"

ज्याच्या व्हिसावर तो आला होता, त्या कफीलने त्याला गावी धाडले. मला चैन पडेना. गावी परतलेल्या माझ्या व यासीनच्या सगळ्या रुग्णांना मी पत्रे लिहिली. त्र्याऐंशी उत्तरे आली. एक्केचाळीस प्लेटांपैकी नऊ तुटल्या होत्या. बेचाळीस रॉडांपैकी दोन. तीन रॉडवाल्यांचे पाऊल थोडे बाहेर वळले होते, तेही वहीत आहे.

विभागप्रमुख म्हणाले, "देशाबाहेर गेला तो पेशंट आपल्यापुरता खलास. वही जमा करा, नाहीतर नवा करार विसरा." करार विसरलो. यासीनने हे छापावे. नऊ प्लेटांपुढे माझे नाव आहे, ते गाळू नये.

४. गेल्या सुट्टीत धोंडीरामच्या घरी गेलो. एक पाय दोन बोटे आखूड झालेला. त्याच्या बायकोसमोर, ठकूबाईसमोर म्हणालो, "चूक तुझी नव्हती, माझी होती."

 तो म्हणाला, "हे कॅम्पात म्हणाला असता तर, साहेब."

म्हणून मी गेल्यास कलम तीन व चार यासीनने त्याच कॅम्पाच्या मेसमध्ये शुक्रवारी मोठ्याने वाचावे. आसावरीला लाज वाटेल, वाटू दे. आणि मी वाचलो, तर मेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही हे मला कुणी वकिलाने शिकवू नये. पाय जमिनीला टेकले की पहिल्या शुक्रवारी मीच कॅम्पात वाचायला जाणार आहे.

सही: जगदीश वि. आठल्ये

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१) बदरुद्दीन हुसेनमियाँ परकार, ड्रायव्हर
२) दमयंती सुर्वे, शिक्षिका

दम्माम, १४ मार्च २००६