निळ्या कोंबडीची काळी पिल्लं

नाही धर्मबाबा, कोंबड्या राखणाऱ्याने माणसाच्या रक्तात नाक खुपसू नये हे तुमचं म्हणणं मला बिलकूल मान्य नाही, आणि तीन पत्रांत तीनदा लिहिलंत म्हणून चौथ्यांदा मान्य होईल असंही नाही. मी निदान कोंबड्यांना हात तरी लावतो. तुम्ही सैन्यात असताना सहा महिने दवाखान्याची फरशी पुसलीत आणि तेवढ्यावर चाळीस वर्षं गावाचे डॉक्टर झालात. (हे रागाने लिहिलंय. पण खोडत नाही, खोडलं तर तुम्ही दिव्याला धरून वाचालच.)

असो. आदरणीय धर्मबाबा हारालांबी यांना इलारीचा हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? धर्मआईंचा खोकला गेला की अजून त्या तुमच्या पाइपलाच दोष देतायत? यंदा आलुबुखारची दारू चांगली उतरली असं सुचाव्याहून आलेला बसवाला सांगत होता, म्हणजे तुम्ही त्यालाही पाजलीत आणि मला मात्र बाटलीभर धाडली नाहीत. मी इथे स्पेनमध्ये सुखरूप आहे, बारीक झालोय, नाकाचं सालटं निघालंय.

आता मूळ भांडण. माझ्या आणि सावेताच्या लग्नात मेणबत्ती धरून तुम्ही मागे उभे होतात, म्हणून आमच्या पोराला पाण्यात बुडवून नाव द्यायचा मान तुमचा. दुसऱ्या कुणी तो घ्यायचा नाही, घेतला तर गाव तोंडात शेण घालेल. आणि तुम्ही सात महिने झाले तरी गुडघा, हवामान, पाद्रीबुवांची गैरहजेरी अशी कारणं सांगताय. पोराला अजून नाव नाही. त्याची आईकडची आजी त्याला नुसतं ‘ए पिल्ला’ म्हणते. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे: इस्पितळाची ती चिठ्ठी. बापाचं रक्त ए, आईचं बी, पोराचं शून्य. तुम्ही चष्मा लावून भर जेवणाच्या टेबलावर वाचलीत आणि म्हणालात, “हे कुठून आलं बुवा?” त्यानंतर कोबीच्या पानाचे मुटके कुणाच्याच घशाखाली उतरले नाहीत.

तर ऐका. मी जिथे कामाला आहे तिथल्या मालकीणबाई म्हणजे दोन्या बेनिग्ना. वय एकोणऐंशी, उंची माझ्या कोपरापर्यंत, आवाज गावाच्या वेशीपर्यंत. त्यांच्याकडे ह्या मुलखातल्या निळ्या कोंबड्या. निळ्या म्हणजे आकाशासारख्या नव्हेत, शाळेच्या पाटीसारख्या, पिसाला काळी किनार. (पाटी मला चांगली आठवते, शाळेतलं तेवढंच आठवतं.) पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझ्या हाती उबवणीचं यंत्र दिलं आणि आपण गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या. तुमच्यासारखाच गुडघा, फक्त त्या कुरकुर करत नाहीत. निळा कोंबडा, निळ्या कोंबड्या, एकवीस दिवस. मी यंत्र उघडलं तर चोवीस पिल्लांत निळी फक्त बारा. सात काळी कुळकुळीत. आणि पाच मळकी पांढरी, अंगावर शाईचे शिंतोडे.

माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नकोच, तुमच्याही डोक्यात तेच आलं असतं. शेजारच्या बाल्तासारकडे एक काळा कोंबडा होता. मी कुंपण छातीपर्यंत होतं ते डोक्यावर नेलं. बाल्तासारला जाऊन सांगितलं की तुझं पाखरू आमच्याकडे तोंड काळं करतंय. तो जेवत होता. त्याने ऑलिव्हची बी थुंकली, म्हणाला, “अरे रुमानिया,” (इथे मला आपल्या देशाच्याच नावाने हाक मारतात) “त्या कोंबड्याला दोन वर्षं झाली, खुराड्याची पायरी चढत नाही. तुझ्या कुंपणावरून उडाला तर मीच त्याची आरती करीन.” मी विश्वास ठेवला नाही. कोंबड्याच्या पायाला दोरी बांधायला लावली. पुन्हा एकवीस दिवस. पुन्हा निळी निम्मी, बाकी काळी नि शिंतोड्यांची.

मग मला निळ्या कोंबड्यांचाच राग आला. काय वाईट वाटलं म्हणता, मी त्यांच्याशी बोलायचा बंद झालो, दाणे दुरूनच फेकायचो. आणि मागच्या खुराड्यात बाईंनी एक काळा कोंबडा आणि चार शिंतोड्यांच्या कोंबड्या वेगळ्या ठेवल्या होत्या, तेव्हा मला वाटलं, सगळ्या बदनामीचं मूळ हेच. बाई यायच्या आत घराणं शुद्ध करून ठेवू, शाबासकी मिळेल. ती पाचही मी डाल्यात घालून बाल्तासारला देऊन टाकली, कुंपणाच्या भांडणाची भरपाई म्हणून.

दोन्या बेनिग्ना काठी टेकत आल्या, मागचं खुराडं रिकामं पाहिलं आणि खाली बसल्या. ओरडतील म्हणून मी कान तयार ठेवले होते, पण त्या हळूच म्हणाल्या, “लेका, निळी सगळीच्या सगळी हवी असतील तर ती त्या दोघांच्याच पोटी येतात. काळा बाप, शिंतोड्यांची आई. तू माझी गिरणी विकून पीठ ठेवलंस.” मी म्हटलं, पण निळ्यापोटी काळं येतंच कसं? त्यांनी अंड्यांचा ट्रे ओढला. म्हणाल्या, प्रत्येक पाखराच्या खिशात दोन चिठ्ठ्या, एक आईची, एक बापाची. पिल्लाला देताना एकच द्यायची, न बघता. दोन्ही काळ्या आल्या तर काळं. दोन्ही पांढऱ्या आल्या तर शिंतोड्याचं. एकेक आली तर कुणीच कुणाला दाबत नाही, मिळून निळं होतं. “निळा हा रंगच नाही, तडजोड आहे,” म्हणाल्या.

मी ट्रे बाजूला सारला. मग इस्पितळाच्या चिठ्ठीचं सांगितलं. ए, बी, शून्य. कुणाची चिठ्ठी ते मी नाही सांगितलं, एका मित्राची म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी काढली.

“माझं रक्त ए-बी,” म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याचं शून्य. चार पोरं झाली. दोन ए, दोन बी. एकही माझ्यासारखं नाही, एकही त्याच्यासारखं नाही. मग मी काय चारही पोरं जत्रेतून उचलून आणली?” रक्ताच्या चिठ्ठ्या दोन नाही, तीन जातीच्या असतात, खिशात मात्र दोनच मावतात. ए आणि बी भेटले तर दोघंही गातात, कुणी गप्प बसत नाही. शून्य मात्र कुणाहीशेजारी गप्प राहतं. त्यांच्या एका मुलीचं ए, जावयाचं बी, आणि नातू शून्य. “माझा नवरा मेल्यावर सहा वर्षांनी आला तो,” म्हणाल्या. “आजोबाचं रक्त मुलीच्या खिशात मुकाट बसून होतं, बाहेर यायला दुसरं शून्य शोधत. ते जावयाकडे निघालं.”

धर्मबाबा, आता तुम्ही खुर्ची ओढून बसा. माझ्या आईचं रक्त काय होतं? लाकडाच्या गिरणीत तुमचा हात कापला तेव्हा सुचाव्यापर्यंत ट्रकच्या मागे तुमच्याबरोबर कोण गेलं, आणि तिचं रक्त कुणालाही चालतं म्हणून दोन बाटल्या कुणाच्या काढल्या? तुम्हीच दर नाताळला सांगता, “माझ्या अंगात पारास्किवाचं रक्त आहे, म्हणून मला इतकी बडबड येते.” शून्य होतं ते. तिने मला एक चिठ्ठी दिली, मी तीस वर्षं खिशात घेऊन फिरलो, मला वाचता आली नाही. सावेताकडेही तिच्या आईबापांपैकी कुणाचं तरी एक शून्य असणार. (चौकशीला जाऊ नका.) पोराला दोन्ही मिळाली, एवढंच. आई गेली तेव्हा वाटलं होतं संपलं. ती पाळण्यात आहे.

कोंबडा आणि चारही कोंबड्या परत मिळाल्या, बाल्तासारने सुरी धुवून तयार ठेवली होती तेवढ्यात पोचलो. बदल्यात आठ दिवस त्याच्या खुराड्याला चुना दिला आणि कुंपण पुन्हा छातीपर्यंत आणलं.

धर्मआईंना नमस्कार, गुडघ्याला गरम विटेचा शेक द्या.

तुमचा,
इलारी

ता. क. वर तुमच्यावर जे ढकललं ते पुन्हा वाचून पाहिलं. तुम्ही टेबलावर फक्त विचारलंत, “कुठून आलं?” पाहुणे गेल्यावर सावेताला “कुणाचं आहे?” असं विचारणारा मी होतो. ती रडली नाही. माझ्या सदऱ्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत राहिली, आणि मी सकाळची बस धरली. नाव द्यायला तुम्ही का थांबलात ते मला आत्ता कळतंय. नाव देताना बाप दारात असावा म्हणून थांबलात ना?

ता. क. दुसरा. सावेता माझा फोन उचलते आणि काही न बोलता ठेवते. मागे पोराचा आवाज येतो. ती तिच्या आईकडे आहे, तुम्ही तिथे जा. टोपी काढा. कोंबड्यांचं काही सांगू नका, हसेल आणि मग मला कळणार नाही की माफ केलं की नाही. फक्त म्हणा, इलारी म्हणतो, चूक माझी, पोर आपलं, आणि त्याच्या खिशात माझ्या आईची चिठ्ठी आहे. पाद्रीबुवांकडून तारीख घ्या, मी त्या दिवशी दारात असेन. आणि नंतर ती इकडे यायला तयार झाली तर दोन्या बेनिग्नांनी मागची खोली रिकामी करून पाळणासुद्धा शोधलाय. नाही म्हणाली तर पैसे परत मागू नका, तिच्याजवळच राहू द्या: बसवाल्याच्या हाती पाकीट पाठवतोय, मेणबत्तीचे आणि पोराच्या पांढऱ्या कापडाचे साठ, सावेताच्या परतीच्या नव्हे, एकेरी तिकिटाचे एकशे तीस, पोराचं तिकीट नसतं, सगळे मिळून एकशे नव्वद युरो.