ताईच्या आंघोळीचा व्हॉल्व्ह

मु. पो. पावस, २० मे

चि. सौ. दर्शना हिस,

तुझ्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सर्व तिकडे खुशाल असालच. नसाल तरी उत्तरात तसंच लिही, रीत मोडू नकोस. इकडे तुझी ताई बरी आहे, असं मी तुला फोनवर चार महिने सांगतोय. ते खोटं आहे. दुखणं आता मणक्यात उतरलंय आणि कुशीवर वळायलाही तिला हौसा लागते. (हौसा म्हणजे ताईचं सगळं करायला येणारी बाई. माझा अडथळा होतो म्हणून ती मला दिवसातून दोनदा अंगणात काढते.) तुला कळवायचं नाही, अशी ताईची सक्त ताकीद आहे. फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र.

दिवसात तिची सुखाची वेळ एकच. खुर्चीवर बसवून पाठीवर शॉवरचं गरम पाणी सोडलं की वीस मिनिटं ती कण्हत नाही. पण आपल्या विहिरीच्या पंपाला हे बघवत नाही. प्रेशर चाळीसवर गेलं की तो बंद पडतो आणि वीसवर उतरेपर्यंत चालू होत नाही. तोवर धार बारीक होते, गॅसचा गिझर विझतो आणि तिच्या पाठीवर विहिरीचं गार पाणी पडतं. त्यावेळी ती कशी ओरडते ते लिहीत नाही. प्रेशर एकसारखं ठेवणारा व्हॉल्व्ह बसवला की भागतं, एवढंच काम. आणि मी एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, मला कोण शिकवणार?

पहिला व्हॉल्व्ह रत्नागिरीहून आणला. बसवण्याआधी आपल्या रामा प्लंबरने विहिरीवर नारळ ठेवून जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात त्याने ताईच्या दुखण्यापासून स्वतःच्या मोटारसायकलपर्यंत सगळं घेतलं, मी मागून ‘होय महाराजा’ म्हणत राहिलो. एवढं होऊन तो व्हॉल्व्ह निघाला पाणी उलट जाऊ न देणारा. पाणी उलट गेलं नाही, प्रेशर मात्र होतं तसंच नाचत राहिलं. दुसरा मी बॉयलरच्या आठवणीने निवडला, जादा प्रेशर बाहेर सोडून देणारा. तो चाळीसला इमानदारीने उघडला आणि सगळा फवारा गडग्यापलीकडे, शेजारच्या आनंदीबाईंनी वाळत घातलेल्या कैरीच्या आंबोश्यांवर. वर्षाची बेगमी भिजली. मी शिव्या खायला तयार होऊन उभा राहिलो, तर बाई संध्याकाळी ताईसाठी पेज घेऊन आल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आपल्याकडे भांडणं थांबली की ओळखावं, घरातलं माणूस जायला निघालंय.

तिसरा जातीने बरोबर होता, पण दोन इंची. (जहाजावर याहून लहान व्हॉल्व्ह मी हातात धरला नव्हता.) रामा म्हणाला, "काका, आपली लाइन एक इंचाची. शॉवरच्या धारेला येवढा मोठा वॉल चालायचा नाय." मी त्याला माझी एकतीस वर्षं ऐकवली. व्हॉल्व्ह बसला आणि थडथडायला लागला, आणि एका आंघोळीत गिझर तीनदा विझला. तिसऱ्यांदा ताई ओरडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे बघत बसली. मी मोरीबाहेर पाना हातात घेऊन उभा होतो. या माणसाला व्हॉल्व्हचं वेड लागलंय, असं वाडीत म्हणतात. लागलंय. तिच्या दुखण्याला मला हात लावता येत नाही, व्हॉल्व्हला येतो.

असो. तुझ्या यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रागवायचं ते माझ्यावर रागाव, ताईवर नको.

तुझा भावोजी,
हरिश्चंद्र

ता. क. : तिकडे नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन प्रेशर कायम ठेवणारा पितळी व्हॉल्व्ह बघ. एक इंची, पस्तीसला लावता येणारा, पंप आणि प्रेशरची टाकी यांच्यामध्ये बसणारा. बारीक धारेला चालतो ना, हे दुकानदाराला तीनदा विचार. पहिल्यांदा सगळे हो म्हणतात.

आणखी एक : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. ताईने विचारलं, कुणाला लिहिताय. खोटं बोलायचा कंटाळा आला होता, सांगून टाकलं. रागवेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मेल्यावरची आंघोळ कोण पण घालील. जितेपणीची एक दर्शनेच्या हातची होऊदे."

तेव्हा व्हॉल्व्ह राहू दे. (हे फोनवर माझ्याने बोलवणार नाही, म्हणून पत्रातच.) दुकानं फिरत बसलीस तर गाडी चुकेल. पाणी चुलीवर तापवू, तांब्याने घाल. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलेत, त्यातले सहा मी या तिसऱ्या व्हॉल्व्हवर घालवले.