बोटीच्या तळातली राखाडी वायर

माय,

तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि आज रविवारी सकाळी मी तुला एका बोटीविषयी लिहायला बसलोय. नांदेडजवळ धरणाच्या पाण्यात लोकांना फिरवून आणणारी बोट आहे. वर छत, कडेनं बाकडी, तीस माणसं बसतील एवढी. बोटवाले मामा माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो हे त्यांना ठाऊक होतंच, पण भोकरला आपलं लाउडस्पीकरचं दुकान होतं हे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. "सर, आवाज असा पाहिजे की पल्याडच्या काठावरच्या म्हशी नाचल्या पाहिजेत." मी म्हटलं, "मामा, म्हशी नाचायला लागल्या तर दूध कोण देईल?" "ते बी खरं हाय. मग निस्ती मान हलवू द्या."

काल दिवसभर मी बोटीच्या पोटात ओणवा होतो. जुनी वायरिंग पाहून तू कपाळाला हात लावला असतास. वायरी नुसत्या एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी, आणि ओलीनं तांबं पार हिरवं पडलेलं. मी नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवला, पाणी उडालं तरी चालतील असे चार स्पीकर लावले, बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणली, बॅटरीलगतच फ्यूज घातला. प्रत्येक जोड सोल्डर केला आणि तू ओढायचीस तसा ओढून पाहिला. मग जुन्या वायरी काढायला लागलो. त्यात एक राखाडी वायर होती. मीटर लावला, शून्य. पुन्हा लावला, शून्य. तोडली आणि ओढून काढली. मामांनी गाणं लावलं आणि छताखाली हात वर करून दोन गिरक्या घेतल्या.

शून्य लिहिलं आणि तुझं स्वयंपाकघर आठवलं. चुलीजवळ तू मैद्याची खळ शिजवतेस, स्पीकरच्या फाटक्या कागदावर पातळ कागदाचे तुकडे चिकटवतेस. दुकानाच्या पाटीवर घरधनी म्हणून दादांचं नाव, पण सगळी दुरुस्ती तुझी, हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. वायर सोडण्याआधी तू तिला लुगड्याच्या काठाचा दोरा बांधायचीस, एकीला एक गाठ, दुसरीला दोन. मी बीएस्सीला गेलो तेव्हा तूच मला मीटर घेऊन दिलास. त्या सुट्टीत विहारापुढच्या मांडवात मी तो ऐटीत लावत फिरलो आणि शून्य दाखवणारी एक वायर काढून टाकली. ती बॅटरीची होती, लाइट गेल्यावरच तिच्यात करंट यायचा. पौर्णिमेच्या कार्यक्रमात लाइट गेली, माइक बंद पडला. लोकांनी वंदना तशीच पुढं म्हटली, पण दादांनी बॅटरीवाल्याला सगळ्यांदेखत नको नको ते सुनावलं. मी खांबाला टेकून उभा होतो. दुसऱ्या दिवशी तू तो तुकडा माझ्यापुढं धरलास. "मुकी व्हती. मेली नव्हती. शिकलास तर एवढं बी कळू नाय?" आणि परत खळ ढवळायला लागलीस.

माय, ती राखाडी वायर मागे जात होती. तळाकडे. तिथं साठलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप आहे, आणि पंपाशेजारी तरंगतं बटण. पाणी चढलं की ते उचललं जातं आणि पंप आपोआप सुरू होतो. काल तळ कोरडा होता, म्हणून बटण खाली होतं, म्हणूनच वायरीत काही नव्हतं. हाताच्या बटणानं पंप चालवून पाहिला होता, चालला, पण त्याची वायर वेगळी. आता तळात पाणी चढत गेलं तर पंप सुरू होणार नाही, आणि मी लावलेल्या आवाजात ते कुणाच्या ध्यानातही येणार नाही. आज चार वाजता एका बाईंच्या निवृत्तीनिमित्त शाळेची माणसं येणार आहेत, नातवंडं घेऊन.

मधेच उठून फोन करून आलो. आधी चुकीचा नंबर लागला, मग मामांचा लागला. "मामा, मी येईपर्यंत बोट काढू नका. मामुली फेरीसुद्धा नको."

"काहून सर? काय झालं?"

"तळातली एक वायर," मी म्हटलं. "सडलेली होती. नवी टाकावी लागेल, तोवर पंपाचा भरवसा नाही."

ते म्हणाले, "माझी नात बी जाऊन राहिली आज त्या बोटीत. लई उपकार झाले सर. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात बी आलं नसतं."

मी "हो" म्हणालो.

बारा वाजलेत. वायर, मीटर, सोल्डरची पेटी गाडीत ठेवली आहे. तीनपर्यंत जोडून होईल. मग तळात बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणालाही बोटीत चढू देणार नाही, एवढं नक्की. वायर सडलेली नव्हती, ती मीच तोडली, हे तिथं गेल्यावर मामांना सांगेन असं मी आत्ता लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं. सांगेन की नाही, ते मला माहीत नाही.