तीनदा समेट

४ मार्च
मर्गिलान शहरातून बसने आले ती थेट मोहल्ल्याच्या कचेरीत. घरगुती तंटे मिटवायची नोकरी. टेबल खिडकीपाशी, बाहेर जर्दाळू फुललाय. अध्यक्ष एर्गाश-आकांनी स्वतः चहा ओतला. म्हणाले, सात वर्षांत आपल्याकडे एक घटस्फोट नाही, आता हे नाव तू राखायचं. फार बरं वाटलं.

११ मार्च
पहिलं प्रकरण. झुलहुमोर, वय तेवीस, घरीच मागावर रेशीम विणते. ओठ फुटलेला. चहा निवला म्हणून नवऱ्याने मारलं. सोबत आलेली सासू म्हणाली, मीही खाल्लाय की मार, मेले का? नवऱ्याला बोलावून माफी लिहून घेतली. दुपारी सासूने भट्टीत भाजलेले, भोपळा भरलेले गरम सोमसे पाठवले.

२९ मार्च
झुलहुमोर माहेरी पळाली होती. बापच हाताला धरून घेऊन आला. ही घरी बसली तर धाकट्या दोघींना स्थळं कशी येतील, असं मलाच विचारत डोळे पुसत होता. ती म्हणाली, मोहिरा-ओपा, तुमच्याकडे राहू का दोन दिवस? मी म्हटलं, लोक काय म्हणतील? मीच तिला सासरी पोचवलं. माझी बाही सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं.

१७ एप्रिल
झुलहुमोर तिसऱ्यांदा कचेरीत. आता ती बोलतच नाही. समेटाच्या कागदावर डाव्या हाताने सही केली. उजव्याला काय झालं, मी विचारलं नाही. आकांनी शाबासकी दिली.

२० एप्रिल
तीन दिवस त्या घरातला माग बंद. सासू म्हणते, माहेरी गेलीय. बापाला फोन केला. इकडे नाही, म्हणाला. मी फोन ठेवला.

२१ एप्रिल
तिची चार वर्षांची मुलगी कचेरीत आली. म्हणाली, आई उठत नाही. आजी म्हणते, हाक मारू नको.
धावले. मागची खोली. अंग अजून कोमट. म्हणजे काल, मी फोन ठेवला तेव्हा ती जिवंत —

दुपारी
आका समोर बसलेत. म्हणतात, लिही, शिडीवरून पडली. तिच्या पोरीचं पुढे कधीतरी लग्न व्हायचंय, घराची अब्रू जाईल. सासू रडतेय, खरंच रडतेय. झुलहुमोरचा बापही मान डोलावतोय. कागद तसाच कोरा आहे. मी या वहीत लिहितेय. ती पडली नाही. तिला तीनदा त्याच मारात परत पाठवलं.
आका वही मागताहेत. थांबा म्हटलं. तिला मीच —