चारच्या जागी पाच

प्रिय बाई,

काल तुमची शोकसभा झाली. तुम्ही असतात तर दुसऱ्या भाषणालाच चपला शोधायला लागला असतात.

तुम्ही म्हणे शांत होतात. मृदुभाषी होतात. एक गृहस्थ म्हणाले, 'बाईंनी आयुष्यात विद्यार्थ्याला कधी दुखावलं नाही.' मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते, नाहीतर मोठ्यानं हसले असते. अहो, हे कोणाबद्दल बोलत होते? माझं नाव शेवटी होतं. माझ्यापर्यंत येईतो हॉल रिकामा करायची वेळ झाली, आणि दोन मिनिटं उभं राहून सगळे चहाला गेले. मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आज लिहितेय. निदान तुम्ही तरी खोटं ऐकून घेणार नाही.

तुम्ही हट्टी होतात, बाई. असह्य हट्टी!

आठवतं, मी पहिल्यांदा सप्तापूरच्या तुमच्या घरी आले ते? गणितात एम.एस्सी. नुकतं झालं होतं. अळणावरजवळच्या खेड्यातली मुलगी, घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. मी पीएच.डी. करायची म्हणाले, तर तुम्ही 'बस'सुद्धा म्हणाला नाहीत. विचारलंत, "आपल्या या भागात सगळ्यात एकटं गाव कुठलं गं?"

मी गोंधळले. म्हटलं, "म्हणजे लहान?"

"लहान नव्हे. जिथनं बाकी कुठलं तरी एक गाव फार फार लांब पडतं ते."

मग कागदावर ठिपके काढून, रेषांनी जोडून दाखवलंत. प्रत्येक ठिपक्यापासून सगळ्यात लांबचा ठिपका किती रेषा दूर आहे, ती त्याची उत्केंद्रता. इंग्रजीत 'एक्सेंट्रिसिटी', आणि त्या शब्दाला तिकडे विक्षिप्तपणा असाही अर्थ आहे, आणि विभागातली मुलं तुमच्या माघारी तो कुणाला लावायची हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. प्रत्येक ठिपक्याची उत्केंद्रता त्याला जोडलेल्या रेषांच्या संख्येनं गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची. झाला निर्देशांक. औषधांचे रेणू तपासणाऱ्या रसायनवाल्यांनी तो नुकताच काढला होता. "त्यांना आकडा हवाय," तुम्ही म्हणालात. "आपल्याला मर्यादा हवी. हा आकडा जास्तीत जास्त किती फुगेल, आणि कुठल्या आकृतीत?"

मी त्याच क्षणी अडकले. आणि तुम्ही मला सोडवायला कधी आलाच नाहीत!

माझ्या प्रत्येक मसुद्यावर समासात लाल शाईनं एकच शब्द असायचा, तोही कन्नड लिपीत: 'याके?' का? पान भरून सिद्धता लिहावी, तर चार ठिकाणी 'याके?'. 'उघडच आहे' असं कुठं लिहिलं की त्याच्याखाली दोन रेघा. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, सगळंच सिद्ध करायचं तर आयुष्य जाईल." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मग? दुसरं काय करणार आहेस त्याचं?"

असं बोलतात का कुणी पंचविशीतल्या मुलीला?

झाडांचं प्रकरण झालं, म्हणजे ज्या आकृतीत कुठंच वळसा बंद होत नाही त्यांचं. मग तिसरं प्रकरण: जिथं नेमका एकच वळसा आहे अशा आकृत्या. माझं प्रमेय होतं की चार किंवा त्याहून जास्त ठिपके असतील तर सगळ्यात मोठा निर्देशांक त्रिकोणाला लांब शेपटी जोडली की मिळतो. किती देखणं होतं ते! एका टोकाला इवलासा त्रिकोण, आणि तिथून सरळ निघालेली वाट. मी पाच ठिपक्यांपासून पुढच्या कितीतरी आकृत्या हातानं काढून पाहिल्या होत्या. सगळीकडे त्रिकोण जिंकत होता. तुम्हीही ते प्रकरण वाचलंत, मान डोलावलीत. बाई, तुम्ही मान डोलावलीत तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं!

त्याच सुमाराला हुबळीच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली. अट एकच, मुलाखतीच्या आत प्रबंध सादर झालेला हवा. मी प्रती बांधून घेतल्या, काळं कापड, सोनेरी अक्षरं. दुपारी तुमच्याकडे आले, मार्गदर्शकाच्या दाखल्यावर सही घ्यायला. सकाळी पेढे आणलेले होते, तेही बरोबर.

तुम्ही पडवीत बसला होतात. पेन हातात घेतलंत, आणि सही करण्याऐवजी एका पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढलात.

"चार ठिपके, चार रेषा. याचा किती होतो बघ."

मी तोंडानंच केलं. प्रत्येक कोपऱ्यातनं दोन रेषा, समोरचा कोपरा दोन रेषा दूर. दोन दुणे चार, असे चार कोपरे. "सोळा."

"आणि तुझा त्रिकोण, एक ठिपक्याची शेपटी?"

मी बेरीज केली. परत केली. तेरा.

चौकोन जिंकला होता, बाई. पहिल्याच पायरीवर! पण लगेच सुचलंही. मी म्हटलं, "एवढंच ना? चार खोडून पाच लिहू. पाचपासून पुढं सगळं बरोबर आहे, मी स्वतः काढून पाहिलंय. एक पान बदलायचं, बस्स."

"आणि चौकोनावर का पडलं?"

"अपवाद आहे म्हणून."

"याके?" तुम्ही म्हणालात. अगदी हळू. "का पडलं ते कळल्याशिवाय पाचवर उभं राहतं हे तुला कुणी सांगितलं? पाचशेवर?"

मग तुम्ही प्रबंध उघडून नेमकं ते पान काढलंत. तिथं मी लिहिलं होतं की सगळ्यात लांबच्या वाटेची दोन टोकं धरली, की कुठल्याही ठिपक्याला सगळ्यात दूर त्यातलंच एखादं टोक असतं, हे उघडच आहे. झाडात ते खरं आहे. वळसा आला की नाही. चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना टोकं म्हणा. उरलेल्या कोपऱ्यातून सगळ्यात दूर असतो तो चौथा, टोक नसलेला. माझं अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं होतं. आणि ते वाक्य तुमच्याही नजरेतून सुटलं होतं. तुमच्या! त्या एका ठिकाणी तुम्ही लाल शाई वापरली नव्हतीत.

तुम्ही दाखला तसाच परत दिलात. "माझं चुकलं, मी आधी बघायला हवं होतं," एवढं म्हणालात, आणि मग, "पण सही नाही करायची."

मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. जागा जाईल म्हटलं. परीक्षकांना कळणारही नाही म्हटलं. शेवटी रडले. तुमचे थोरले भाऊ आतून पाणी घेऊन आले आणि तुम्हाला कन्नडमध्ये म्हणाले, "मालू, होगली बिडु." जाऊ दे, सोडून दे. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. पेढ्यांचा पुडा मी तिथंच विसरले.

जागा गेली. मी गावी गेले आणि पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही. अप्पा शेतावरून आले की रोज विचारायचे, "त्या बाईंचं तुझ्याशी वैर आहे का गं काही?" काय सांगणार त्यांना? की एका चौकोनापायी माझी नोकरी गेली?

आणि मग भर उन्हाळ्यात तुम्ही आलात. कळवलं नाही, काही नाही. एस.टी.तून उतरून, डोक्यावर पदर घेऊन, धुळीतनं चालत. आईला वाटलं तुम्ही माफी मागायला आलाय. तिनं घाईघाईनं पोहे फोडणीला टाकले, मला खुणेनं सांगितलं, मोठ्या मनानं घे. आणि तुम्ही बसल्या बसल्या पिशवीतनं कागद काढलेत! "तीन प्रकार पडतात. वळसा शेपटीच्या टोकाला, मधे, आणि शेपटीच नसलेला. पहिला आणि शेवटचा मी केला. मधला तुझा."

ना कशी आहेस, ना झालं गेलं. आई दाराशी बशी घेऊन उभीच राहिली.

मी म्हटलं, "मला नाही करायचं आता."

तुम्ही पोहे खाल्लेत. छान झालेत म्हणालात, आईकडे खोबरं आणखी मागितलंत. उन्हं उतरेपर्यंत अप्पांशी भाताच्या बियाण्याबद्दल बोललात. मग उठून एस.टी. गाठायला निघालात. कागद चटईवरच ठेवलेत. तुम्हाला माहीत होतं ना, तुम्ही वळणावर पोचायच्या आत मी ते उचलणार? किती राग आला मला! रागानंच मी तो मधला प्रकार करायला घेतला.

दोन वर्षं लागली आपल्याला. आणि शेवटी काय निघालं? प्रमेय खरंच होतं! पाचपासून पुढं, सगळीकडे, त्रिकोण आणि लांब शेपटी. दोन वर्षांनी माझ्या विधानात एकच आकडा बदलला, चारच्या जागी पाच. जो बदल मी त्या दुपारी करायला तयार होते तोच! मी तुम्हाला तसं म्हटलंही. तुम्ही इतक्या खूश दिसत होतात की मला आणखीच चीड आली. "तेव्हा तू अंदाज केला होतास," तुम्ही म्हणालात. "आता आपल्याला माहीत आहे."

खरं सांगू? जागा गेल्याचं मला अजूनही वाईट वाटतं. पुढची कायमची नोकरी मिळेतो कितीतरी वर्षं मी तासांवर शिकवलं. तुम्ही बरोबर होतात म्हणून ती वर्षं काही परत आली नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला पूर्ण माफ केलेलं नाही, आणि आता तुम्ही गेलात म्हणून करणारही नाही. पण वर्गात फळ्यावर ते प्रमेय लिहिताना कुणी 'याके?' विचारलं, तर मला उत्तर देता येतं, हेही खरं.

मग दुखणं. तेसुद्धा तुम्ही लपवलंत! वर्षभर हुबळीला तपासण्यांना जात होतात आणि आम्हाला सांगत होतात की दाजीबानपेठेत साडी बघायला जाते. आम्ही काय मूर्ख होतो, बाई? मी बघतेय तेव्हापासून ज्यांनी त्याच तीन-चार सुती साड्या नेसल्या, त्या दर महिन्याला साडी बघायला जातात, आणि आम्हाला एकदाही 'याके?' विचारावंसं वाटलं नाही! दुसऱ्याच्या सिद्धतेतलं भोक तुम्हाला दिसायचं. स्वतःबद्दल मात्र खुशाल काहीही ठोकून द्यायचात.

शेवटच्या भेटीत तुम्ही अंथरुणात होतात. मी दोन वळशांच्या आकृत्यांचा विषय काढला, मुद्दाम, तुमचं लक्ष दुखण्यावरून निघावं म्हणून. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मला वाटलं झोप लागली. आणि एकदम म्हणालात, "दोन वळसे एकमेकांपासून लांब ठेवू नकोस. एका टोकाला दाटी कर, मग शेपटी सोड." मी तिथंच बसून लिहून घेतलं. मी म्हटलं, या वेळी लेखावर दोघींची नावं. मागच्या, एका वळशाच्या लेखावरून तुम्ही तुमचं नाव स्वतःच्या हातानं काटलं होतंत, ते काही मी विसरले नव्हते.

"मी काय केलं? नुसतं नाही म्हटलं," तुम्ही म्हणालात. "नाही म्हणणाऱ्याचं नाव घालत नाहीत."

काल सभा संपल्यावर तुमचे भाऊ, अण्णा, मला बाजूला घेऊन गेले. भाषणात कुणीतरी म्हणालं होतं की बाईंनी फार काही लिहिलं नाही. ते त्यांना लागलं होतं. "सुनंदा, इतकी वर्षं दिवा जाळून बसायची ती," ते म्हणाले. "तिच्या नावाचं एखादं तरी छापील पान असेल की नाही गं कुठं?" ऐंशीच्या घरातला माणूस, माझ्या हाताला धरून उभा होता, आणि माझ्याकडे त्यांना दाखवायला एक पान नव्हतं. हे तुमचं काम आहे, बाई. तुमच्या त्या नको त्या तत्त्वाचं!

तर ऐका. दोन वळशांचं प्रमेय मी पुरं करतेय. तुम्ही सांगितलेली दाटी बरोबर निघतेय, पण 'निघतेय' म्हणून पाठवणार नाही. लहानातल्या लहान आकृतीपासून एकेक तपासेन, 'उघडच आहे' असं एकदाही लिहिणार नाही, आणि जितका वेळ लागेल तितका लागू दे. पण ते झालं की वर पहिलं नाव तुमचं असेल, माझं नंतर, आणि पहिली छापील प्रत सप्तापूरला अण्णांच्या हातात जाईल. तुमचं नाव घालू का, असं मी कालच त्यांना विचारलंय. त्यांनी हो म्हटलं.

तुम्हाला चालणार नाही, ठाऊक आहे मला. मग या, आणि नाही म्हणा. मी वाट बघते.

तुमची वैतागलेली विद्यार्थिनी,
सुनंदा