दोन बादल्या

३ मार्च, रविवार

काळी घ्यायला नको होती! जरा धूळ बसली की ओरडून सांगते. पण घरातली पहिली गाडी — जुनी का असेना — माझ्या पगाराची, आणि मला काळीच हवी होती.

आज धुतली. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच परत शाम्पूत. म्हणजे निघालेली धूळ पुन्हा रंगावर जात नाही. शेजारच्या काकू गॅलरीतून, "अगं, गाडी धुतेस की बाळाला न्हाऊ घालतेस?" हसू देत! गाडीच्या दारात माझा चेहरा लख्ख दिसत होता.

५ मार्च

बॉनेटवर बारीक ओरखडे. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. माझंच काही चुकलं? कापड खाली पडलं होतं का? नाही. नक्की नाही. बहुतेक नाही.

६ मार्च

कळलं. सकाळी खिडकीतून पाहिलं तर — बाबा! साहेबांकडे ड्रायव्हरच्या ड्यूटीवर जाण्याआधी खांद्यावरच्या पिवळ्या फडक्याने माझी गाडी पुसत होते. कोरडीच, धुळीसकट. साहेबांची गाडी आयुष्यभर अशीच पुसत आलेत. दिव्यांवर तोंडाची वाफ सोडून चोळत होते.

खाली जाऊन बोलून बसले. "बाबा, याने रंग खराब होतो. तुम्ही हात नका ना लावू."

त्यांनी फडकं झटकलं, घडी घातली. "बरं. तू शिकलेली, तुला कळतं."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं!

१० मार्च, रविवार

बाबा अंग चोरून भिंतीच्या कडेने सायकल काढतात. गाडीकडे बघतसुद्धा नाहीत.

आई भाजी निवडताना म्हणाली, "गाडी आल्यापासून माझ्याआधी उठायचे. म्हणायचे, इतकी वर्षं परक्यांच्या पुसल्या, ही आपली." आणि आता? "आता लोळतात."

गाडी धुतली. चमकली. मजा आली नाही. ओरखडे पॉलिशने जातील. बाबांचं काय करू?

११ मार्च

जेवताना त्यांना सगळं नीट समजावलं — धूळ म्हणजे बारीक वाळूच, म्हणून आधी भरपूर पाणी, म्हणून दोन बादल्या. मान खाली घालून जेवत राहिले. शेवटी एवढंच, "दुसरीत साबण नाही घालायचा?" नाही म्हटलं. उठून हात धुवायला गेले.

फार बोलले का मी? वर्ग घेतल्यासारखं?

१४ मार्च

बाबा डबा विसरले. मी साहेबांच्या बंगल्यावर द्यायला गेले. फाटकातून बघते तर साहेबांच्या गाडीशेजारी दोन बादल्या! पाइप धरून उभा असलेला माळी चिडवत होता, "काय ड्रायव्हरसाहेब, एका बादलीत भागेना झालं?"

बाबा वाकलेलेच. "हस तू. माझ्या मुलीची पद्धत आहे. एकदा तिची गाडी बघून ये, मग बोल माझ्याशी."

हाक मारली नाही. डबा वॉचमनकडे दिला आणि निघाले. रस्ताभर मान ताठ! तरी मनात एक होतंच — साहेबांच्या गाडीला हात लावतात, माझ्या नाही.

१७ मार्च, रविवार

आज धुवायचा दिवस. उजाडता उजाडता खाली बादली ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरी ठेवल्याचा.

मी उठले नाही.